सहा सिग्मांमधला सहा

मुंबईचे डबेवाले ‘सिक्स सिग्मा’ आहेत, हे वाक्य आपल्याकडे आता म्हणीसारखं रुळलं आहे. मॅनेजमेंटच्या वर्गात ते ऐकवलं जातं, भाषणांत टाळ्या घेतं, परदेशी पाहुण्यांना मुंबई दाखवताना हमखास पुढे येतं. ते खोडून काढण्यात मला रस नाही. गंमत वेगळीच आहे. गणिताच्या हिशोबाने ते चूक ठरतं, कारखानदारीच्या हिशोबाने बरोबर ठरतं आणि दोन्ही हिशोब बिनचूक आहेत.

दाव्यामागचा आकडा असा सांगतात की १ कोटी ६० लाख खेपांमागे एखादाच डबा चुकतो. घंटेच्या आकाराचा वक्र आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. त्याच्या मधल्या रेषेपासून किती सिग्मा दूर गेलं की पलीकडे १ कोटी ६० लाखांत एक एवढाच हिस्सा उरतो? उत्तर येतं सुमारे ५.३. म्हणजे सहा नाही. आता हाच आकडा घेऊन एखाद्या कारखान्याच्या क्वालिटी विभागात जा. तिथला माणूस आपला तक्ता उघडेल आणि ६.८ सांगेल. म्हणजे सहाच्याही वर. वक्र दोघांनी एकच वापरला आहे. मधला दीड सिग्मा कुठून आला ते पुढे सांगतो. आधी माझं म्हणणं सांगून टाकतो: सिग्मा हे अक्षर गणिताचं आहे, पण त्याच्या आधी लिहिला जाणारा आकडा गणिताचा नाही. तो कुणीतरी ठरवतो, कशासाठी तरी ठरवतो. पुरवठ्याच्या धंद्यात हा शब्द शिरल्यापासून मात्र अक्षराचा दरारा त्या आकड्यालाही मिळत गेला आहे.

गणितातला सिग्मा हा फार निरुपद्रवी प्राणी आहे. लंडनच्या कार्ल पिअर्सनने १८९३–९४ च्या सुमारास त्याला ‘प्रमाण विचलन’ या अर्थाचं नाव आणि ग्रीक लिपीतलं हे छोटं अक्षर दिलं. कल्पना त्याआधीची. ग्रहांच्या कक्षा मांडताना निरीक्षणं एकमेकांशी जुळत नाहीत, थोडी इकडेतिकडे पडतात. त्या इकडेतिकडे पडण्याचं माप गाऊसने १८०९ च्या ग्रंथात मांडलं होतं. कृती सोपी आहे. प्रत्येक मोजणी सरासरीपासून किती ढळली ते बघायचं, त्या फरकांचे वर्ग करायचे, वर्गांची सरासरी काढायची, मग वर्गमूळ घ्यायचं. हाती येतं ते फैलावाचं माप. ते ज्या वस्तूचं असेल तिच्याच एककात असतं: उंचीचा सिग्मा सेंटिमीटरमध्ये, उशिराचा मिनिटांमध्ये, खपाचा पेट्यांमध्ये. त्यात बरंवाईट काही नसतं. वर्गातल्या मुलांच्या उंचीचा सिग्मा जास्त आहे म्हणून कुणी मुख्याध्यापकांना जाब विचारत नाही.

कारखान्यात हाच शब्द उलटा फिरतो. ‘आमचा सिग्मा चारवरून पाचवर गेला’ असं तिथे अभिमानाने सांगतात. गणिताच्या विद्यार्थ्याला वाटेल की फैलाव वाढला, मग पेढे कसले वाटताय? पण तिथे मोजलं जातं ते वेगळंच. सरासरीपासून गिऱ्हाइकाने चालवून घेतलेल्या मर्यादेपर्यंतच्या अंतरात किती सिग्मा मावतात, ती संख्या म्हणजे कारखान्याचा सिग्मा. त्याला एकक नाही. आणि त्याच्या पोटात एक करार लपलेला आहे, कारण मर्यादा निसर्गाने घातलेली नसते. पार्सल पोचायला सरासरी दोन दिवस लागतात आणि सिग्मा एक दिवसाचा आहे असं धरू. ‘तीन दिवसांत पोचेल’ असं कळवलं तर तुम्ही एक सिग्मावाले. ‘आठवडाभरात पोचेल’ असं कळवलं की सात वजा दोन, म्हणजे एका रात्रीत पाच सिग्मावाले. कुरिअरचा मुलगा पूर्वीपेक्षा एक पाऊलही भरभर चाललेला नाही. ऑनलाइन खरेदीत माल सांगितलेल्या तारखेच्या आधीच दारात येतो तेव्हा आपण खूश होतो. तो माल वेगाने आला की तारीखच ऐसपैस दिली होती, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

सिग्मा कारखान्यात आणला तो वॉल्टर शूहार्टने, आणि त्याने तो फार जपून आणला. वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये काम करताना १६ मे १९२४ रोजी त्याने वरिष्ठांना जेमतेम पानभर टिपण पाठवलं. त्यात एक आकृती होती: मध्ये सरासरीची रेषा, वर आणि खाली मर्यादेच्या रेषा. पुढे त्या रेषा तीन सिग्मांवर स्थिरावल्या. तीनच का? घंटाकृती वक्र मानला तर तीन सिग्मांच्या आत ९९.७३ टक्के मोजण्या पडतात, हे त्याला माहीत होतं. पण समर्थनासाठी तो त्या टक्केवारीवर विसंबला नाही. त्याचं म्हणणं व्यवहारी होतं. रेषा फार जवळ आखल्या तर रोज उठून नसलेल्या बिघाडाचा शोध घ्यावा लागेल. फार लांब आखल्या तर खरा बिघाड नजरेतून सुटेल. दोन्ही चुकांचा खर्च आहे, आणि अनुभव सांगतो की तीनवर तो परवडतो. १९३१ च्या त्याच्या पुस्तकाच्या नावातही आर्थिक नियंत्रणाचा उल्लेख आहे, तो उगाच नव्हे.

या तीन सिग्मांचा सगळ्यात मोठा उपयोग ‘कधी हात लावायचा’ यापेक्षा ‘कधी हात लावायचा नाही’ हे कळण्यात होता, असं मला वाटतं. शूहार्टचा अनुयायी एडवर्ड्स डेमिंग हे एका साध्या प्रयोगातून दाखवायचा. नरसाळ्यातून गोटी खालच्या खुणेवर सोडायची. गोटी खुणेच्या डावीकडे पडली की नरसाळं तेवढंच उजवीकडे सरकवायचं, उजवीकडे पडली की डावीकडे. माणूस तत्पर, हेतू चांगला. पण फैलावाचा वर्ग दुप्पट होतो, सिग्मा सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. नुसतं स्वस्थ बसला असता तर बरं झालं असतं. महिनाअखेरीस खप दोन टक्के घसरला म्हणून विक्री विभागाची तातडीची बैठक बोलावणाऱ्या साहेबांना हा प्रयोग सक्तीने करायला लावला पाहिजे. शूहार्ट १९४७–४८ च्या हिवाळ्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून भारतातही येऊन गेला आणि इथल्या उद्योगांना हे समजावून गेला.

तीनाचे सहा झाले ते मोटोरोलात, १९८० च्या दशकाच्या मध्यावर. बिल स्मिथ हा तिथला इंजिनिअर. त्याच्यापुढची अडचण खरी होती. ९९.७३ टक्के म्हणजे ऐकायला उत्तम. पण एका उपकरणात हजार सुटे भाग किंवा जोडण्या असतील आणि प्रत्येक जोडणी ९९.७३ टक्के बरोबर असेल, तर अख्खं उपकरण निर्दोष निघण्याची शक्यता उरते सातेक टक्के. हजारातली नऊशेतीस उपकरणं दुरुस्तीला. म्हणून एकेका जोडणीचा दोष दहा लाखांत काहीच्या घरात आणायला हवा होता. सहा हा आकडा असा त्यांच्या मालातून आला, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नाही.

गडबड पुढे आहे. वक्र नीट मधोमध असेल तर सहा सिग्मांच्या बाहेर दोन्ही बाजू मिळून अब्जात दोन एवढाच हिस्सा पडतो. पण ‘सिक्स सिग्मा’ म्हणून जगभर जो आकडा पाठ केला जातो तो दहा लाखांत ३.४ चा. दोघांत सतराशे पटींचा फरक आहे. मोटोरोलाच्या लोकांनी असं धरलं की यंत्रं झिजतात, माणसं बदलतात, कच्चा माल बदलतो, म्हणून काळाच्या ओघात सरासरीच दीड सिग्मा एका बाजूला सरकते. सहातून दीड गेले, साडेचार राहिले. साडेचारच्या पलीकडे दहा लाखांत ३.४. सरासरी सरकते हा अनुभव प्रामाणिक आहे. पण ती दीडच सिग्मा सरकते, दर कारखान्यात, दर धंद्यात, हे कुठल्याच प्रमेयातून निघत नाही. संख्याशास्त्रज्ञांनी यावर कडक टीका केली. फरक पडला नाही. १९८८ साली मोटोरोलाला अमेरिकेचा गुणवत्तेसाठीचा बाल्ड्रिज पुरस्कार मिळाला, १९९५ पासून जॅक वेल्शच्या जनरल इलेक्ट्रिकने ही पद्धत डोक्यावर घेतली, आणि ग्रीन बेल्ट, ब्लॅक बेल्ट, मास्टर ब्लॅक बेल्ट अशी कराटेची उतरंड संख्याशास्त्रात आली. पिअर्सन हे पाहायला नव्हता, ते बरंच झालं.

आणि हे सगळं वक्र घंटाकृती आहे या गृहीतावर. ते गृहीत काढून घेतलं तर? रशियन गणिती चेबिशेव्हने १८६७ मध्ये सिद्ध केलेला नियम कुठल्याही आकाराच्या फैलावाला लागू पडतो. तो सांगतो की सहा सिग्मांच्या आत किमान ३६ पैकी ३५ हिस्से असतीलच. त्याहून जास्त तो कबूल करत नाही. म्हणजे बाहेर जास्तीत जास्त २.८ टक्के. एका बाजूला शंभरात पावणेतीन, दुसऱ्या बाजूला अब्जात दोन, आणि मधलं अंतर भरून काढतो तो फक्त वक्राच्या आकारावरचा विश्वास. वक्राच्या शेपटाकडे, म्हणजे जिथे सहा सिग्मा राहतो तिथे, तो विश्वास तपासायला पुरेशा मोजण्या जवळजवळ कुणाकडेच नसतात. पॉइंकारेने लिपमान या भौतिकशास्त्रज्ञाचं एक मार्मिक निरीक्षण नोंदवून ठेवलं आहे. त्याचा आशय असा की या वक्रावर सगळ्यांची श्रद्धा आहे, कारण प्रयोग करणाऱ्यांना वाटतं गणित्यांनी तो सिद्ध केला आहे आणि गणित्यांना वाटतं प्रयोगात तो दिसलेला आहे.

आता डबेवाल्यांकडे पुन्हा वळायला हरकत नाही. १ कोटी ६० लाखांत एक हा आकडा प्रसिद्ध झाला तो १९९८ साली ‘फोर्ब्स’च्या जागतिक आवृत्तीतल्या लेखामुळे. तो कसा आला हे त्या लेखाच्या लेखकानेच पुढे सांगितलं आहे. त्याने संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं की चुका किती होतात. उत्तर मिळालं की जवळजवळ नाहीतच, फार तर दोन महिन्यांतून एखादी. लेखकाने दोन महिन्यांतल्या डब्यांचा गुणाकार केला, ८० लाख आले. डबे परतही जातात म्हणून दुप्पट केले. ‘फोर्ब्स’ने कुठलाही सिग्मा प्रमाणित केला नव्हता. ‘सिक्स सिग्मा’ हे बिरूद लोकांनी नंतर चिकटवलं.

म्हणजे सगळ्या इमारतीखाली एक मोकळेपणाने दिलेलं उत्तर आहे. मला ते उत्तर आवडतं. धंद्यात इतकी वर्षं घालवलेल्या माणसाने दिलेलं आहे, त्याला गिऱ्हाइकांच्या तक्रारींची तोंडओळख नव्हे, सवय असणार. पण ती मोजणी नाही. एकही चूक न दिसता अमुक खेपा झाल्या, तर चुकीचं प्रमाण फार तर किती असेल, याचा संख्याशास्त्रात सोपा ठोकताळा आहे: तीन भागिले खेपा. त्या हिशोबाने १ कोटी ६० लाखांत एक हा दावा ९५ टक्के खात्रीने करायचा तर ४ कोटी ८० लाख खेपा एकाही चुकीविना नोंदल्या गेल्या पाहिजेत. रोज २ लाख डबे नेले आणि आणले तर कामाचे १२० दिवस. ते अशक्य मुळीच नाही. फक्त कुणीतरी वही घेऊन बसायला हवं होतं. शिवाय डबा पोचतो किंवा पोचत नाही. त्यात घंटाही नाही आणि वक्रही नाही. ५.३ काय किंवा ६.८ काय, ‘हो-नाही’च्या प्रमाणाला चढवलेला तो ग्रीक पोशाख आहे.

आणि चूक कशाला म्हणायचं? १९ ऑगस्ट २०११ रोजी अण्णा हजारे यांच्या आंदोलनाला पाठिंबा म्हणून डबेवाल्यांनी एक दिवस काम बंद ठेवलं. १८९० पासूनच्या परंपरेतला तो पहिलाच संप, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्या दिवशीच्या सगळ्या खेपा हुकलेल्या धरल्या, तर १ कोटी ६० लाखांत एक हे प्रमाण टिकवायला पुढचे १ कोटी ६० लाख दिवस एकही डबा चुकता कामा नये. वर्षाला कामाचे ३०० दिवस धरले तर त्रेपन्न हजार वर्षं. अर्थात कुणीही तो दिवस चुकांत धरणार नाही, आणि धरूही नये. संप म्हणजे चूक नव्हे. पण मग ‘धरू नये’ हा निर्णय आपण घेतला, सिग्माने नाही. २०२० च्या मार्चनंतर लोकल बंद झाल्या आणि डबे महिनोन्‌महिने थांबले, तेही आपण वगळतो. वगळण्याच्या या यादीत पुरवठ्याची सगळी मोठी संकटं मावतात.

डबेवाल्यांची खरी कमाई त्या आकड्यात नाही. गटात काही माणसं जादा ठेवलेली असतात, एखादा आजारी पडला की दुसरा त्याची लाइन उचलतो. लोकलच्या वेळेपुढे कुणाचंच चालत नाही, त्यामुळे सगळ्यांचा दिवस एकाच घड्याळाला बांधलेला असतो. आणि जे घर रोज डबा द्यायला उशीर करतं, त्याला शेवटी नम्रपणे नकार दिला जातो. फैलाव दारातच रोखण्याची ही रीत कुठल्याही ब्लॅक बेल्टने हेवा करावा अशी आहे. तिला ग्रीक अक्षराची गरज नव्हती.

गोदामात गेलं की सिग्माचा आणखी एक अर्थ भेटतो, आणि तो मला या सगळ्यांत जास्त विचार करण्यासारखा वाटतो. माल संपू नये म्हणून जो जादा साठा ठेवतात, त्याला सगळेजण सेफ्टी स्टॉक म्हणतात. पाठ्यपुस्तकातलं सूत्र असं: एक आकडा, गुणिले खपाचा सिग्मा, गुणिले माल यायला लागणाऱ्या दिवसांचं वर्गमूळ. भिवंडीतल्या एखाद्या गोदामातून रोज सरासरी १०० पेट्या जातात, सिग्मा २० पेट्या, नवा माल यायला ९ दिवस. तर नऊ दिवसांच्या खपाचा सिग्मा ६० पेट्या. शंभरात पंच्याण्णव वेळा माल पुरावा असं वाटत असेल तर १.६५ ने गुणायचं, सुमारे १०० पेट्या जादा. छान. आता माल नेमका नऊ दिवसांनी येत नाही, कधी सात, कधी अकरा, म्हणजे त्या दिवसांचाही दोन दिवसांचा सिग्मा आहे एवढंच धरा. माल येईपर्यंतच्या खपाचा सिग्मा ६० वरून जवळपास २०९ वर जातो, आणि जादा पेट्या १०० च्या ऐवजी ३४५ लागतात. गिऱ्हाईक तेच, खप तोच. गोदाम भरलं ते ट्रकच्या आणि बंदराच्या बेभरवशामुळे. तरी बैठकीत बोलणं होतं ते ‘मार्केट फार अनसर्टन झालंय’ असंच.

दुसरी गोष्ट दिवाळीची. फराळाच्या दुकानाचा वर्षभराचा रोजचा खप घेऊन सिग्मा काढला तर तो भयंकर मोठा येईल, कारण दिवाळीच्या आठवड्यात खप कुठल्या कुठे जातो. पण त्यात अनिश्चित काय आहे? दुकानदाराला पंचांग वाचता येतं. चकलीची भाजणी किती लागेल हे त्याला बहुधा गणपतीतच ठाऊक असतं. गणितातला सिग्मा आकडे किती हलले ते सांगतो. गोदामाला हवा असतो तो अंदाज किती चुकला याचा सिग्मा. पहिला जगाच्या चंचलपणाचा, दुसरा आपल्या अज्ञानाचा. मोठमोठ्या सॉफ्टवेअरमध्येही हे दोन सर्रास एकाच रकान्यात भरले जातात. मग आधीच माहीत असलेल्या चढउतारासाठी वर्षभर साठा सांभाळला जातो.

तिसरी गोष्ट याहून अवघड. गणितात सिग्मा दिलेला असतो: समजा अमुक सरासरी, अमुक सिग्मा, आता सोडवा. पुरवठ्यात तो आपणच तयार करत असतो. प्रॉक्टर अँड गॅम्बलला आपल्या डायपरच्या बाबतीत हे आढळलं. बाळं काही लाटा आल्यासारखी ओली होत नाहीत. दुकानातला खप बऱ्यापैकी स्थिर होता. डिस्ट्रिब्यूटरच्या ऑर्डर त्याहून हलत होत्या आणि कंपनीच्या कच्च्या मालाच्या ऑर्डर त्याहूनही जास्त. १९९७ साली ली, पद्मनाभन आणि वांग या संशोधकांनी याची कारणं मांडली. प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्याची ऑर्डर हाच खरा खप समजतो, त्यावरून सिग्मा काढतो, घाबरून साठा वाढवतो, आणि त्याच्या वाढीव ऑर्डरमुळे वरच्याचा सिग्मा वाढतो. वर स्कीमची भर: मार्चअखेरीस टार्गेटसाठी माल ढकलायचा, मग एप्रिल कोरडा. सूत्रात सगळ्यांनी बरोबर आकडे घातलेले असतात. फक्त त्या आकड्यांत दुसऱ्यांनी घातलेल्या आकड्यांचा आवाज असतो.

हे झालं अक्षराबद्दल. त्याच्या आधीचा आकडा ठरवण्यात किती काही पणाला लागू शकतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातलं दारिद्र्य मोजताना माणशी रोज २२५० उष्मांकांची कसोटी वापरली. पां. वा. सुखात्मे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे; रोमच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभाग सांभाळून पुण्यात आलेले. त्यांनी विचारलं, सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण उपाशी कसा? गरज माणसागणिक बदलते, आणि त्यांच्या मते एकाच माणसाची गरजसुद्धा दिवसागणिक हलते, शरीर तिच्याशी जुळवून घेतं. म्हणून रेषा सरासरीच्या दोन सिग्मा खाली आखावी. दांडेकरांनी याला कडाडून विरोध केला. वाद वर्षानुवर्षं चालला आणि त्यात दोघांचं संख्याशास्त्र पक्कं होतं. पण सरासरी वजा शून्य सिग्मा की सरासरी वजा दोन सिग्मा, यावर देशातल्या उपाशी माणसांची संख्या कोट्यवधींनी बदलत होती. त्या ‘दोन’मध्ये शरीरशास्त्र होतं, अर्थकारण होतं, धान्याच्या कोठारावरचा ताण होता. माझा कल दांडेकरांकडे आहे. शरीर कमी खाण्याशी जुळवून घेतं तेव्हा ते काम कमी करून, वाढ खुंटवून जुळवत नाही ना, हे सिग्माला विचारता येत नाही.

यावर गणिती रास्त आक्षेप घेईल: आकडा आम्ही ठरवत नाही हे खरं, पण तो कसा ठरवावा हे आम्ही कधीच सांगून ठेवलं आहे. अर्थशास्त्रज्ञ एजवर्थने १८८८ मध्ये बँकेने किती रोकड हाताशी ठेवावी हा प्रश्न असाच सोडवला होता, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पेपर विकणाऱ्याच्या नावाने तो प्रसिद्ध झाला. पेपरवाला चार रुपयांना अंक घेतो, पाचला विकतो, उरलेला परत जात नाही असं समजू. अंक कमी पडला तर तोटा एक रुपया. उरला तर चार. एक भागिले पाच, म्हणजे वीस टक्के. त्याने एवढेच अंक घ्यावेत की पाचातल्या एकाच दिवशी सगळ्या मागणीला ते पुरतील. सिग्माच्या आधीचा आकडा इथे उणे ०.८४ येतो. सरासरी खपापेक्षाही कमी माल! ‘जास्त सिग्मा तेवढं चांगलं’ म्हणणाऱ्यांनी या पेपरवाल्याला नापास केलं असतं, आणि पोटापाण्याचा हिशोब त्याचाच बरोबर आहे.

म्हणजे आकडा दोन नुकसानांच्या प्रमाणातून यायला हवा: माल उरण्याचं आणि माल नसण्याचं. इथवर गणिताशी माझं भांडण नाही. अडचण अशी की पेपरवाल्याची दोन्ही नुकसानं त्याच्याच खिशातून जातात. बहुतेक पुरवठ्यात तसं नसतं.

सर्पदंशावरचं औषध घ्या. मुंबईच्या हाफकिनमध्ये नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष बनतं. एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्यात महिन्याला सरासरी एक विषबाधेचा रुग्ण येतो आणि दोन रुग्णांना पुरेल इतका साठा असतो, असं धरू. एका रुग्णाला पहिल्याच डोसात आठ ते दहा कुप्या लागतात, त्यामुळे हा साठाही लहान नाही. इतक्या तुरळक मागणीला घंटाकृती वक्र चालत नाही, पॉयसॉनचं सूत्र वापरावं लागतं. ते सांगतं की बारा-तेरा महिन्यांतून एकदा तीन किंवा जास्त रुग्ण येतील. साठा ९२ टक्के महिन्यांत पुरतो. चपला किंवा साबण असता तर ९२ टक्क्यांवर कुणी फारसं बोललं नसतं. इथे उरलेल्या आठ टक्क्यांत माणूस पन्नास किलोमीटर दूरच्या जिल्हा रुग्णालयाकडे निघतो.

कुप्या उरण्याचा खर्च कागदावर पैशापर्यंत मांडता येतो: किंमत, फ्रीज, मुदत संपल्यावर निकाली काढण्याचं टिपण, आणि मुदत संपली म्हणून ऑडिटमध्ये निघणारा आक्षेप. कुपी नसण्याचा खर्च मांडायला तक्त्यात रकाना नसतो, आणि तो खर्च साठा ठरवणाऱ्या कार्यालयाच्या नावावर पडतही नाही. रकाना नसेल तर प्रमाण निघत नाही, प्रमाण निघालं नाही तर सिग्माच्या आधीचा आकडाही निघत नाही. मग सॉफ्टवेअर आपला ठरलेला ९५ टक्क्यांचा १.६५ घेतं, साबणाला आणि प्रतिविषाला सारखाच, आणि खाली छापून येतं की साठा शास्त्रीय पद्धतीने ठरवला आहे.